मदत हवी आहे: १९१९ च्या गुजरांवाला बॉम्बफेकीतले न फुटलेले बॉम्ब आणि विमानी बॉम्बच्या फ्यूजचा सुरुवातीचा इतिहास

दप्तरी:

नमस्कार मंडळी,

जालियनवाला बागेतल्या गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ ला, गुजरांवाला या पंजाबातल्या (आता पाकिस्तानातल्या) शहरावर आणि आसपासच्या गावांवर ब्रिटिश हवाई दलाने बॉम्ब टाकले. शहरात जाळपोळ चालू होती आणि सैन्य जवळ नव्हते, म्हणून लाहोरहून विमाने आली. या घटनेवर मी मराठीत एक मोठा लेख लिहितो आहे. माणसांची बाजू लिहून होत आली आहे. यंत्राच्या बाजूला घोडे अडले आहे, म्हणून हा धागा.

कारबेरी नावाच्या वैमानिकाने गुजरांवालाजवळच्या धुल्ला गावाबाहेर लोकांचा घोळका पाहून तीन बॉम्ब टाकले. दोन घोळक्याजवळ पडून फुटले, त्यात एक बाई आणि एक मुलगा गेले. तिसरा एका घराच्या छतातून आत पडला आणि फुटलाच नाही. त्या दिवशी एकूण आठ बॉम्ब पडले, वजन २० पौंडी, म्हणजे साधारण ९ किलोचे. हे सगळे हंटर समितीसमोर, म्हणजे सरकारी चौकशी समितीसमोर, आले. तिच्यात मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत आपले मुकुंदराव जयकर होते.

तिसरा बॉम्ब ज्या घरात पडला, त्या घरातली माणसे एका फ्यूजमुळे, म्हणजे बॉम्ब वेळेवर फोडणाऱ्या यंत्रणेमुळे, वाचली. तो फ्यूज कसा होता, कशाने चालायचा आणि कशाने चालला नसेल, हे मला नीट समजून लिहायचे आहे. "सुदैवाने बॉम्ब फुटला नाही" एवढ्यावर वाक्य संपवायला माझे मन तयार नाही.

आतापर्यंत जे हाती लागले ते थोडक्यात मांडतो.

आकाशातून स्फोटके टाकण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८४९ चा. ऑस्ट्रियाने वेढा घातलेल्या व्हेनिसवर बिनमाणसी फुगे सोडले, कल्पना उखाटियुस या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याची. बॉम्ब सुटण्याची वेळ जळत्या वातीवर ठरायची, त्यामुळे सगळी भिस्त वाऱ्यावर. वारा फिरला आणि काही फुगे उलटे ऑस्ट्रियन फौजेकडेच आले. नुकसान फारसे झाले नाही.

मग एकदम १ नोव्हेंबर १९११. इटलीचा जुलिओ गाव्होत्ती लिबियात ताउबे विमानातून निघाला. बरोबर चार छोटे बॉम्ब, एकेक दीड-दोन किलोचा. बॉम्ब एकीकडे, डिटोनेटर (मुख्य स्फोटक पेटवणारी छोटी नळी) वेगळे. त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात सगळे वर्णन आहे. एका हाताने विमान सांभाळायचे, दुसऱ्या हाताने बॉम्ब मांडीवर घेऊन तयार करायचा आणि पंखाला लागू न देता बाहेर फेकायचा. ऐन झारा आणि ताजुरा इथे त्याने ते टाकले. माझे लक्ष त्या मांडीवरच खिळले आहे. हादरणाऱ्या, कापड-लाकडाच्या विमानात तयार झालेला बॉम्ब मांडीवर! त्या काही क्षणांत सुरक्षितता म्हणजे फक्त त्या माणसाचा हात.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९१२ ला, बल्गेरियाच्या मिल्कोव्ह आणि ताराक्चिएव्ह यांनी एदिर्ने इथे बॉम्ब टाकले. आणि ८ ऑक्टोबर १९१४ ला मॅरिक्स या ब्रिटिश वैमानिकाने ड्युसेलडॉर्फच्या शेडमधले झेपेलिन (जर्मनांचे अवाढव्य हवाई जहाज) २० पौंडी हेल्स बॉम्बनी जाळले. म्हणजे तीन वर्षांत मांडीवरच्या बॉम्बपासून कारखान्यातल्या बॉम्बपर्यंत मजल गेली. मधे काय घडले, हा माझा खरा प्रश्न आहे.

नेमके विचारायचे ते असे. हेल्स किंवा नंतरच्या कूपर या ब्रिटिश बॉम्बमध्ये वाऱ्याने फिरणारी पंखी असायची असे वाचले. ती का लागली, तोफगोळ्याचाच फ्यूज का नाही चालला? आणि गुजरांवालाला विमाने खूप खाली होती. समजा दोनशे फूट. एवढ्या कमी उंचीवरून पंखी पुरेशी फिरली नसेल आणि म्हणून बॉम्ब फुटला नसेल, असे लिहिता येईल का?

जाणकारांनी कृपया मदत करावी. अर्धवट लिहून त्या घरातल्या लोकांवर अन्याय करायचा नाही.

अरुंधती_वाई:

विषय फार चांगला घेतलात. मला यातले तांत्रिक काही कळत नाही, वाचते आहे. खडकीकर काका इकडे आले तर बरे होईल, त्यांची नोकरी यातच गेली.

जुना_खडकीकर:

आलो. दप्तरी साहेब, प्रश्न योग्य जागी धरलात, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी तोफगोळ्यांच्या फ्यूजवर गेली, विमानी बॉम्ब हा वाचनाचा आणि आवडीचा भाग.

फ्यूजची दोन कामे असतात. वेळेवर फोडणे हे लोकांना माहीत असते. त्याआधी फुटू न देणे हे दुसरे, आणि डोके खरे तिथेच खर्च होते. बॉम्बच्या पोटातले मुख्य स्फोटक तसे दणकट, आपटले तरी सहसा फुटत नाही. त्याला उठवायला डिटोनेटरमधले चिमूटभर नाजूक स्फोटक लागते. सगळी भीती त्या चिमटीची. म्हणून सुरुवातीचा उपाय सरळ होता, डिटोनेटर वेगळा ठेवा आणि शेवटी बसवा. गाव्होत्तीनेही तेच केले. पण शेवटी म्हणजे केव्हा? उड्डाणाआधी बसवला तर धक्के खात धावणाऱ्या विमानाखाली जिवंत बॉम्ब, आणि लक्ष्य न सापडता परत उतरावे लागले तर आणखी बिकट.

तोफगोळ्याला हा प्रश्न पडत नाही. तोफ उडताच गोळ्याला मागून प्रचंड धक्का बसतो आणि नळीतल्या आट्यांमुळे तो गरगर फिरू लागतो. धक्का आणि फिरकी या दोन गोष्टी गोदामात, गाडीत किंवा हातातून पडल्यावर एकत्र कधीच घडत नाहीत. म्हणून फ्यूजची कुलुपे त्या दोन किल्ल्यांनी उघडतील अशी करता येतात. दोन्ही मिळाल्या म्हणजे गोळा नक्की तोफेतून सुटला.

विमानातून सोडलेला बॉम्ब मात्र अलगद सुटतो. धक्का नाही, फिरकी नाही. तोफगोळ्याचा फ्यूज त्याला लावला तर तो कुलूपबंदच जमिनीवर येईल. तेव्हा फक्त सुटलेल्या बॉम्बलाच मिळेल अशी तिसरी गोष्ट शोधणे भाग होते, आणि ती म्हणजे अंगावरून वाहणारी हवा. पंखी त्यातून आली. हवेने ती फिरते, फिरता फिरता स्क्रूचे आटे उलगडतात, ठराविक फेऱ्यांनंतर आतला स्ट्रायकर, म्हणजे डिटोनेटरला टोचणारी सुई, मोकळा होतो. मग आपटल्यावर तो पुढे सरकून टोचतो. म्हणजे फेऱ्या मोजून पंखी खरे तर विमानापासूनचे अंतर मोजते. माझ्या मते विमानी बॉम्बच्या इतिहासातली ही सर्वांत हुशार कल्पना, आणि किती साधी!

ही कल्पना आकाशात जन्मली नाही, हे लेखात जरूर घ्या. फ्रेडरिक मार्टेन हेल याने आधी रायफलीतून उडवायचा ग्रेनेड केला होता, पहिल्या महायुद्धाआधीच. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यात अशीच वाऱ्याची पंखी होती. त्याच हेलच्या २० पौंडी बॉम्बला शेपटाकडे पंखी आली. ७ जून १९१५ ला वॉर्नफर्ड या ब्रिटिश वैमानिकाने गेंटजवळ एलझेड-३७ हे झेपेलिन पाडले तेही हेल्स बॉम्बनीच.

आता तुमच्या कामाची गोष्ट. त्या ग्रेनेडची मोठी तक्रार काय होती? खंदकातला चिखल पंखीत जाऊन बसायचा आणि ती अडकायची. पुढच्या एका नमुन्यात पंखीच काढून टाकली. सुरक्षेसाठी लावलेला भागच वस्तू निकामी करू शकतो, हे फ्यूजच्या धंद्यातले कायमचे दुखणे आहे.

वातकुक्कुट:

काकांच्या माहितीला थोडी जोड. जर्मनांनी वेगळी वाट काढली. १९१६ पासूनच्या त्यांच्या पीयूडब्ल्यू बॉम्बची शेपटाची पाती तिरकी होती, त्यामुळे पडताना अख्खा बॉम्बच स्वतःभोवती फिरायचा. बॉम्ब स्थिरही राहायचा आणि फिरकीच्या जोराने फ्यूजही मोकळा व्हायचा. तोफगोळ्याची हरवलेली फिरकी त्यांनी हवेतून परत मिळवली. पुढे ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीच्या रुहलेमानने विजेचा फ्यूज केला. बॉम्ब सुटताना विमानातूनच त्याला वीज मिळायची, तोवर तो निर्जीव. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेल्या बॉम्बमध्ये हेच घराणे होते.

मी १४ एप्रिल म्हटले की मुंबई गोदीचा १९४४ चा स्फोटच आठवणारा माणूस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. तिथे फ्यूजची सुरक्षा का उपयोगी पडली नाही?

जुना_खडकीकर:

कारण तिथे आग होती. फ्यूज धक्का आणि आघात यांच्यावर पहारा ठेवतो. स्फोटकच तापत गेले तर फ्यूजला विचारतो कोण? कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवण्याचा तो निर्णय कुठल्याही पंखीने निस्तरला नसता. पण तो वेगळा धागा होईल.

दप्तरी साहेबांच्या मुख्य शंकेकडे येतो. दोनशे फूट म्हणजे ६० मीटर. तेवढे पडायला साडेतीन सेकंद लागतात. कमी वाटतात, पण पंखीला फक्त खाली पडण्याची हवा मिळते असे नाही. विमान ताशी ११० किलोमीटरने चालले असेल तर सुटल्या क्षणी बॉम्बला तेवढाच पुढचा वेग असतो, सेकंदाला ३० मीटर. खाली येईपर्यंत तो हवेतून शंभर मीटरहून जास्त वाट कापतो. त्याच उड्डाणातले, त्याच गावावरचे दोन बॉम्ब फुटले, हेही विसरू नका. उंची हेच कारण असते तर तिन्ही बॉम्बना सारखेच लागू झाले असते. म्हणून "उंची कमी म्हणून फुटला नाही" असे ठामपणे लिहू नका.

मग काय उरते? पंखी अडकणे. सेफ्टी पिन काढायची राहणे. आणि छत. पंजाबातल्या खेड्यातले छत म्हणजे बहुधा लाकडावर मातीचा थर. स्ट्रायकरला झटका लागतो, वेग एकदम तुटावा लागतो. माती बॉम्बला हळूहळू अडवते. थर फोडून वेग गमावलेला बॉम्ब खाली जमिनीवर पडतो तेव्हा झटका पुरेसा उरतोच असे नाही.

अरुंधती_वाई:

काका, पण लंडनच्या पॉप्लरमधल्या शाळेत उलटे घडले ना? १३ जून १९१७ ला बॉम्ब छतातून आत शिरला, वरच्या मजल्यावर मुलींचा वर्ग, मधे मुलगे, सगळे पार करून तळमजल्यावर लहानग्यांच्या वर्गात फुटला. १८ मुले गेली, बहुतेक पाच वर्षांची. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

जुना_खडकीकर:

बरोबर आठवण केलीत, ताई. तो बॉम्ब ५० किलोचा आणि खूप उंचावरून आलेला. छत आणि मजले फोडूनही त्याच्यात भरपूर वेग शिल्लक होता. धुल्ल्याचा ९ किलोचा, कमी उंचीवरून सोडलेला. दोन्ही घटना लेखात शेजारी ठेवा, दप्तरी साहेब. फ्यूजला दिसते काय, फक्त वेग आणि झटका. खाली वर्ग आहे की माजघर, हे त्याला कळत नाही.

दप्तरी:

काका, वातकुक्कुट, अरुंधतीताई, मनापासून आभार. साडेतीन सेकंदांचा हिशेब पटला. लेखात उंचीचे कारण देणार नाही. पंखी, पिन आणि मातीचे छत अशा तीन शक्यता देईन, आणि त्याच गावावर फुटलेले दोन बॉम्ब त्यांच्याआधी लिहीन, कारण ती बाई आणि तो मुलगा आधी यायला हवेत. हेलच्या ग्रेनेडवरचा परिच्छेद नव्याने घालतो आहे.

आता एकच मदत हवी. कूपर बॉम्बच्या फ्यूजचा छेद दाखवणारी त्या काळातली आकृती कोणाकडे असेल, किंवा एखाद्या संग्रहालयात कापून ठेवलेला नमुना कोणी पाहिला असेल, तर कृपया इथे कळवा. त्यावरून मी मराठी नावे घालून नवी आकृती काढून घेणार आहे. काका, भागांची नावे एकदा तुमच्या नजरेखालून घालीन. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

जुना_खडकीकर:

जरूर पाठवा. आकृतीत स्ट्रायकर आणि डिटोनेटर यांच्यामधली मोकळी जागा स्पष्ट दाखवा, बहुतेक चित्रांत ती दिसतच नाही.