गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्सचा पडदा करतेय, चिकटत नाहीये. आणि मुळात हे काम म्हणून उभं राहील का?

चांदीचा_कागद

नमस्कार. पोस्ट लांब झालीय, समजून घ्या.

आईचं आजारपण सहा वर्षं चाललं. गोळ्या द्यायचं काम माझं, कारण तिच्या बोटांत जोर उरला नव्हता, स्ट्रिप दाबून गोळी काढता यायची नाही, मग मी दाबायची आणि तिच्या तळहातावर ठेवायची. सकाळ, दुपार, रात्र. सुरुवातीला एकदा रिकामी स्ट्रिप टाकायला गेले आणि टाकवेना, बुटांच्या खोक्यात ठेवली, मग ठेवतच गेले. आई गेली तेव्हा सात खोकी भरली होती. परवा मोजल्या, २३०० च्या आसपास आहेत.

मी कुठे शिकलेली नाही, पण प्रदर्शनं आवडीने बघते, आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंपासून केलेल्या कामांसमोर माझा पाय निघत नाही. तर या स्ट्रिप्सचा मोठा पडदा करायचा, भिंतीपासून थोडा पुढे टांगायचा असं डोक्यात आहे. अडचण अशी की काहीच टिकत नाहीये. पांढरा गोंद लावला तर दोन दिवसांनीही आत ओलाच, ग्लू गनने कडा वाकड्या झाल्या आणि इन्स्टंट ग्लूने चिकटलं पण पांढरट डाग पडले आणि जरा वाकवलं की कटकन सुटतं.

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. एका मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली की टाकाऊ वस्तूंचं काम आता सगळेच करतात, आणि औषधांचं तर मोठ्या म्युझियममध्ये आधीच होऊन गेलंय. तेव्हापासून हात चालत नाहीये. खरंच सांगा, पुढे जाऊ का?

तारकाम

ताई, गोंद आधी बाजूला ठेवा. तुमच्या हाताची चूक नाही, वस्तूच तशी आहे. नेहमीची स्ट्रिप म्हणजे पुढे पीव्हीसी हे कडक प्लास्टिक आणि मागे अॅल्युमिनियमची फॉइल, गरम दाबून एकमेकांना बसवलेली. पांढरा गोंद सुकतो म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं, कागद किंवा लाकूड असेल तर ते शोषून घेतं, इथे एका बाजूला गुळगुळीत प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला धातू, मग पाणी जाणार कुठून, महिनाभर ठेवलंत तरी मधे ओलंच राहील. ग्लू गनचं म्हणाल तर पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि गनमधून येणारा गोंद त्याहून बराच जास्त गरम असतो, म्हणून कडा वळल्या. इन्स्टंट ग्लू सुकला की काचेसारखा कडक होतो, स्ट्रिप मात्र लवचिक राहते, त्यामुळे सांधा तुटणारच. पांढरे डाग त्याच्या वाफेचे.

बांधा. सरळ बांधा.

एल अनात्सुई या शिल्पकाराचं काम फोटोत तरी बघितलं असेल. जन्म घानाचा पण बरीच वर्षं काम नायजेरियातल्या न्सुक्का गावात. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली पिशवी सापडली आणि तिथून त्यांचे ते प्रचंड धातूचे पडदे सुरू झाले. झाकणं ठोकून सपाट करायची, कधी पिळायची, कधी नुसती कडी कापून घ्यायची, भोकं पाडायची आणि तारेने एकमेकांत ओवायची. असे छोटे छोटे तुकडे मदतनीस मंडळी तयार करतात, मग ते जमिनीवर पसरून, जागा बदलून बदलून मोठा पट जुळवतात. गोंद कुठेच नाही. म्हणून तो धातू कापडासारखा पडतो, घडी घालून पाठवता येतो आणि दर ठिकाणी वेगळ्या चुण्यांनी टांगता येतो. २०१५ ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की जोडायची पद्धत बदलल्यामुळे वस्तूचा स्वभावच बदलला. कडक झाकण मऊ झालं.

ते तांब्याची तार वापरतात, तुम्ही वापरू नका. दमट हवेत तांबं आणि अॅल्युमिनियम लागून राहिले की अॅल्युमिनियम खराब होतं, आणि तुमची फॉइल तर अगदीच पातळ. पॉलिएस्टरचा दोरा घ्या, नाहीतर अॅल्युमिनियमचीच बारीक तार. भोक चार कोपऱ्यांच्या सपाट पट्टीत पाडा, प्लास्टिक आणि फॉइल दोन्हीतून आरपार, नुसत्या फॉइलवर भार आला तर फाटेल. गाठ घट्ट आवळू नका, दोन स्ट्रिप्समध्ये थोडी ढील ठेवा म्हणजे पडदा हलेल. आणि थेट उन्हात टांगू नका, पीव्हीसी उन्हाने पिवळं आणि ठिसूळ होतं.

रिकामी_चौकट

जोडणीचं वर छान सांगितलंय. मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, आणि थोडं कडक बोलणार आहे.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. नेहमीच्या वस्तू कलेत येऊन शंभर वर्षं उलटली. पिकासोने १९१२ मध्ये चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) चिकटवलं आणि कडेने खरा दोर गुंडाळला. मार्सेल द्युशां या फ्रेंच कलाकाराने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला मुतारीचं भांडं पाठवलं, ते मांडलं गेलं नाही, मूळ वस्तू हरवली, राहिला तो फोटो, आणि तरी आज त्याच्याशिवाय हा विषय निघत नाही. मेरेट ओपनहाइम या कलाकार बाईंनी १९३६ मध्ये कप, बशी आणि चमच्याला फर लावली, नुसतं बघून ओठांना कसंतरी होतं. तेव्हा वस्तू वेगळी आहे एवढ्यावर आता कुणी थांबत नाही.

आणि दुसरा मोह आकड्याचा. एकच वस्तू हजारोंनी मांडली की डोळे दिपतात, पण पाच मिनिटांनी बघणारा पुढे जातो. आकडा कामाला कधी येतो? टारा डोनोव्हन या अमेरिकन कलाकार बाईंनी टूथपिक्सचा मोठा घन केला, गोंद नाही, चौकट नाही, नुसत्या घर्षणावर आणि वजनावर उभा. कडेने काड्या सुटून खाली पडतात आणि ते चालतं. तिथे हजारो काड्या लागतातच, त्याशिवाय तो घन उभाच राहणार नाही. म्हणजे आकडा काहीतरी करतोय.

मैत्रीण म्हणतेय ते म्युझियमचं काम बहुतेक ब्रिटिश म्युझियममधलं 'क्रेडल टु ग्रेव्ह'. २००३ चं. फार्माकोपिया नावाच्या गटाचं, त्यात कापडाचं काम करणाऱ्या कलाकार आहेत आणि एक डॉक्टरही. जाळीच्या विणलेल्या कापडात एकेक गोळी एकेका खिशात, एक पट पुरुषाचा, एक बाईचा, प्रत्येकात १४,००० हून जास्त गोळ्या, म्हणजे ब्रिटनमध्ये माणसाला जन्मभरात सरासरी जेवढ्या लिहून दिल्या जातात तेवढ्या. पुरुषाच्या पटात शेवटच्या दहा वर्षांत जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्याच आधीच्या ६६ वर्षांत आहेत, आणि तो फरक वाचावा लागत नाही, चालत चालत दिसतो.

पण ताई, ते सरासरी माणसाचं काम आहे. तो माणूस कधी जन्मला नाही की मेला नाही. आणि त्यांच्याकडे गोळ्या आहेत, तुमच्याकडे गोळी निघून गेल्यानंतरची जागा आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. माझा प्रश्न एवढाच, तुमच्या स्ट्रिप्समध्ये असं काय आहे जे दुसऱ्या कुणाच्या २३०० स्ट्रिप्समध्ये नसेल? ते सापडलं तर पुढे जा. नाही सापडलं तर थांबा, घाई नाही.

चांदीचा_कागद

@तारकाम खूप आभार, आज रात्रीच दोरा ओवून बघते.

@रिकामी_चौकट तुमचा प्रश्न वाचून सगळी खोकी परत उघडली. एक गोष्ट मी पोस्टमध्ये लिहिली नव्हती कारण ती मला नीट बोलता येत नाही. सगळ्या स्ट्रिप्स रिकाम्या नाहीत. ४१ स्ट्रिप्समध्ये एखाददुसरी गोळी राहिलीय. काही दिवस तिने घ्यायला नकार दिला होता, तोंड मिटून घ्यायची. काही दिवस मी दमून झोपले आणि रात्रीची चुकली, ते दिवस मला आठवतात. शेवटच्या स्ट्रिपमध्ये चार आहेत. मी ठरवलं होतं की या ४१ बाजूला काढायच्या म्हणजे पडदा एकसारखा दिसेल.

पाणीपोई

बाजूला काढू नका!! तेच तर तुमचं काम आहे.

हळदुवा

मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे, या धाग्यावर आले आणि दोनदा वाचला.

तुम्ही लिहिलंय की आईची बोटं दाबू शकत नव्हती, तुम्ही दाबायच्या. म्हणजे मागच्या फॉइलला पडलेलं प्रत्येक भोक तुमच्या अंगठ्याचं आहे. मग पडद्याची पुढची बाजू कुठली? सगळे धरून चालतात की प्लास्टिकची, चमकणारी. मी फाटलेल्या फॉइलची बाजू समोर ठेवीन. शीला गौडा या भारतीय कलाकाराचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' आठवलं, सुईत दोरा ओवून दुहेरी करायचा, असे कितीतरी लांब दोरे एकत्र करून कुंकवाच्या लाल रंगात त्याचा जाड दोरखंड केलाय आणि सगळ्या सुया टोकाला तशाच लोंबत ठेवल्यात. बघताना आधी नुसता सुंदर लाल दोर दिसतो, मग सुया दिसतात, मग लक्षात येतं की हा अख्खा दोर एकेका सुईच्या नेढ्यातून गेलाय. काम करणारा हात कुठे दिसत नाही पण पूर्ण वेळ जाणवत राहतो. तुमच्याकडे ती जाणीव आयती आहे, ती भिंतीकडे तोंड करून टांगू नका.

टिकण्याबद्दल तारकाम दादांशी माझं थोडं वेगळं मत आहे. सगळं टिकायलाच हवं का? इव्हा हेस या शिल्पकार बाईने १९६० च्या दशकात लेटेक्स म्हणजे द्रव रबर वापरलं, ते पुढे खराब होत जाणार हे तिला माहीत होतं, आज तिची काही कामं इतकी ठिसूळ झालीत की मांडणंही अवघड. जोव्हानी आन्सेल्मो या इटालियन कलाकाराच्या १९६८ च्या एका कामात ग्रॅनाइटच्या दोन दगडांमध्ये तारेने लेट्यूसचा (सॅलडच्या पानांचा) गड्डा बांधून ठेवलाय, पानं सुकली की तार सैल पडते आणि लहान दगड खाली पडतो, म्हणून म्युझियमला सारखा ताजा गड्डा ठेवावा लागतो. माझ्या मते हे काम त्या काळजी घेण्याबद्दलच आहे. तुमचं पीव्हीसी पिवळं पडलं तर पडू दे असं मला वाटतं.

तारकाम

@हळदुवा हेसने ते जाणूनबुजून निवडलं, आन्सेल्मोनेही. जिथे झिजणं कामाचा भाग आहे तिथे माझी हरकत नाही. पण ताईंनी सहा वर्षं जपून ठेवलेल्या वस्तू चुकीच्या गाठीमुळे दोन वर्षांत फाटल्या तर त्याला निवड म्हणता येत नाही, तो निष्काळजीपणा. पिवळं पडू दे, फाटू नको दे, एवढंच माझं म्हणणं. फॉइलची बाजू समोर ठेवायचं मात्र एकदम पटलं.

एक महत्त्वाचं, त्या ४१ मध्ये खरी औषधं आहेत. कुठेही टांगायच्या आधी ती काढा, लहान मुलाच्या हाताला लागली तर काय. मागून दाबू नका, पुढून प्लास्टिकच्या कप्प्याला ब्लेडने बारीक चीर द्या आणि गोळी चिमट्याने काढा, म्हणजे फॉइल शाबूत राहील, बंद कप्पा बंदच दिसेल. गोळ्या जुनी औषधं परत घेणाऱ्या ठिकाणी देऊन टाका.

चांदीचा_कागद

पंधरा दिवसांनी लिहितेय. खोकी ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने बांधतेय, पहिलं खोकं सगळ्यात वर. आत्तापर्यंत ३१० झाल्या. फॉइलची बाजू समोर.

काल संध्याकाळी झालेला तुकडा खिडकीत नुसता धरून बघितला आणि उजेड मागून आला. जिथे जिथे फॉइल फाटलीय तिथून उजेड येतो, प्रत्येक भोकाचा आकार वेगळा, काही ठिकाणी फॉइलची पाकळी नुसती मागे वळलीय, काही ठिकाणी पूर्ण निघालीय. बंद कप्पे काळे राहतात. या तुकड्यात तीनच आहेत पण नजर तिथेच जाते. धाकटा भाऊ बघायला आला होता, त्याला मी काही सांगितलं नव्हतं, त्याने त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही का राहिली? आम्ही आईबद्दल बऱ्याच महिन्यांनी बोललो.

मैत्रिणीला अजून दाखवलेलं नाही, पण आता दाखवायची भीती वाटत नाही. प्रश्न दोन उरलेत. २३०० चं वजन वरच्या ओळीवर येणार, ती फाटेल का? आणि ती शेवटची स्ट्रिप, चार बंदवाली, क्रमाने खालच्या कोपऱ्यात येते, तिथे हात जात नाहीये.

तारकाम

वजन स्ट्रिप्सवर येऊच देऊ नका. वर एक हलकी अॅल्युमिनियमची नळी, तिच्यापासून खालपर्यंत दर वीतभर अंतरावर उभे मजबूत दोरे, आणि प्रत्येक ओळ त्या दोऱ्यांना वेगळी बांधायची. मग प्रत्येक ओळ फक्त स्वतःचं वजन उचलेल. आधी ३१० वाला तुकडा असा टांगून आठवडाभर तसाच ठेवा, कुठे ताण येतो ते दिसेल.

रिकामी_चौकट

पुढे जा, थांबा म्हणालो होतो ते मागे घेतो.

शेवटच्या स्ट्रिपचं आत्ता ठरवू नका. बाकी सगळं टांगून झालं, मागून उजेड आला की ती हातात घेऊन समोर उभ्या राहा. बांधावीशी वाटली तर बांधा, नाही वाटली तर तिच्या जागेचे दोन दोरे तसेच मोकळे लोंबू देत.