‘मूळ’ शोधलं की ‘माळ’ सापडते – मराठी मजकुराच्या शोधासाठी मदत हवी आहे

टिपणवही:
बाबा भाषांतरकार होते. त्यांच्या टिपणवह्या मी दोन वर्षं टाईप करतेय, आतापर्यंत ३,८०० टेक्स्ट फायली झाल्या. कुठल्या शब्दाला त्यांनी कोणता प्रतिशब्द दिला आणि पुढे तो का बदलला, हे आम्हा दोघी बहिणींना ब्राउझरमधून शोधता यावं म्हणून छोटं वेब ॲप लिहिलं. मागे पायथन आणि एसक्यूलाईट डेटाबेसचं एफटीएस५, म्हणजे मजकुरात शब्द शोधून देणारी सोय. इंग्रजी उतारे झटक्यात सापडतात. मराठीत मात्र ‘मूळ’ शोधलं की ‘माळ’, ‘मेळ’, ‘मोळी’ सगळं येतं, आणि ‘मळ’ तेवढा येत नाही! लाईक ही नुसती अक्षरं जुळवून पाहणारी आज्ञा वापरली तर शब्द बरोबर येतो, पण महत्त्वाचं टिपण वर येत नाही. एलास्टिकसर्च हे शोधासाठीचं वेगळं मोठं सॉफ्टवेअर बसवावं लागेल का? एवढ्याशा कामाला तो पसारा नको वाटतो.

कानामात्रा:
‘मळ’ येत नाही हे लिहिलंत ते फार बरं केलंत, दुखणं तिथेच कळलं. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनाईझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, युनिकोड६१. तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपले काना, मात्रा, वेलांट्या, उकार युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात, म्हणून तो त्यांना मोकळी जागा समजतो. ‘मूळ’चे दोन तुकडे होतात: म आणि ळ. ‘माळ’चे तेच, ‘मोळी’चेही तेच. ‘मळ’मध्ये चिन्हच नाही, तो अखंड राहतो, म्हणून निसटतो.

टेबल तयार करताना टोकनाईझरला ‘कॅटेगरीज’ हा पर्याय द्या आणि मूळच्या यादीत एम-तारांकित (M*) म्हणजे सगळ्या मार्कांचा वर्ग वाढवा. जुन्या टेबलाचा टोकनाईझर बदलता येत नाही, नवं टेबल करून सगळं पुन्हा भरा. ३,८०० फायलींना कितीसा वेळ लागणार? एलास्टिकसर्चची गरज नाही.

टिपणवही:
केलं. ‘माळ’ गेली! पण आता ‘मूळ’ टाकलं की ‘मुळाचा’, ‘मुळात’ येत नाहीत. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द बहिणीने टाईप केलेल्या फायलींत सापडतो, माझ्या फायलींत नाही. दिसायला दोन्हीकडे हुबेहूब सारखा.

जुनी_फाईल:
दुसरं आधी. तुमच्या दोघींचे कीबोर्ड वेगळे असणार. एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालून हलन्त देतो. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची रीत, वापरली तरी हे दोन एक होत नाहीत. शिवाय झेडडब्ल्यूजे मार्कच्या वर्गात नाही, त्यामुळे तिथे शब्द पुन्हा तुटतो. भरण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदला. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड, एक ‘अ’वर चंद्र देऊन केलेला. आणि जे भरताना कराल तेच शोधशब्दावरही करा. हे विसरलं की माणूस दिवसभर इंडेक्सला दोष देत बसतो.

आता सामान्यरूप. ‘शब्द’ला ‘शब्दाचा’ हवा असेल तर शोधशब्दाच्या शेवटी तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) पुरतं. ‘मूळ’चं ‘मुळा’ होताना दीर्घ ऱ्हस्व होतो, तिथे ते लागू पडत नाही. मी दोन कॉलम ठेवतो: एकात जसाच्या तसा मजकूर, दुसऱ्यात सगळ्या दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व केलेल्या. शोध दोन्हींत, आणि निकालांचा क्रम लावणाऱ्या बीएम२५ या सूत्रात पहिल्या कॉलमला दसपट वजन. नाहीतर ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच पातळीवर येतील, आणि भाषांतरकाराच्या टिपणांत ते अजिबात चालणार नाही. ‘पाऊस’चं ‘पावसाचा’ यातून सुटत नाही. अशा शब्दांची हाताने यादी करावी लागते. मी ती केली, कंटाळवाणी असते, पण एकदाच.

टिपणवही:
काल रात्री दोन कॉलम केले. ‘मूळ’ टाकल्यावर सर्वांत वर जे टिपण आलं, त्यात बाबांनी एकाच शब्दाचे तीन पर्याय खोडून चौथा लिहिलाय. ते मी स्वतः टाईप केलं होतं आणि पार विसरले होते. बहिणीला लगेच दुवा पाठवला. पाऊस-पावसाची यादी आज तिच्यासोबत सुरू करतेय, ‘माणूस’, ‘कापूस’ इथपर्यंत आलोय.