दोष वैमानिकाचा, धुरकट हवेचा की नियमाचा?

धागाकर्ता (आमगाव, जि. गोंदिया)

बिरसीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमाने आमच्या भागावरून दिवसभर घिरट्या घालतात. १८ मार्च २०२३ रोजी त्यांतलेच एक बालाघाटच्या डोंगराळ जंगलात कोसळले आणि दोघे दगावले. तेव्हापासून पारावर हा विषय निघाला की "यंत्र बिघडले असेल" एवढे बोलून लोक मोकळे होतात. म्हणून चौकशी पूर्ण झालेला एक जुना अपघात मांडतो.

१६ जुलै १९९९ रोजी सूर्य मावळल्यावर, ८ वाजून ३८ मिनिटांनी, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी (धाकटे) स्वतःचे एका इंजिनाचे पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. विमान बेटाजवळच्या समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी, तिघेही मरण पावले. यंत्रात बिघाड आढळला नाही. धुरकट हवेत, काळोख्या रात्री, पाण्यावरून खाली येताना वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि ताबा सुटला, असा अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष आहे.

माझ्या मते हा अपघात विमान उडण्यापूर्वीच घडला होता. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे त्यांचे शिक्षण अर्धवट होते आणि सोबत येण्याची तयारी एका प्रशिक्षकाने दाखवली असताना "एकट्यानेच जायचे आहे" असे उत्तर त्यांनी दिले. याला फाजील आत्मविश्वासच म्हणावे लागेल.

निवृत्त विज्ञान शिक्षक (लाखनी)

भाऊ, मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडणे सोपे असते. त्यांच्या गाठीशी सुमारे ३१० तासांचे उड्डाण होते आणि मागच्या सव्वा वर्षात या टापूत त्यांच्या सुमारे ३५ फेऱ्या झाल्या होत्या. त्यांनी एकही नियम मोडला नाही. त्या रात्री नजरेच्या भरवशावर उडायला कायद्याची मुभा होती. तुमचा रोख नियमाकडे हवा.

शिवाय दिशाभ्रम हा स्वभावदोष नव्हे. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके वळले की त्यांतला द्रव मागे राहतो, म्हणून वळण जाणवते. तेच वळण संथपणे चालू राहिले, तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि शरीर सांगते की आपण सरळ चाललो आहोत. विमान मात्र कुशीवर कलंडून खाली घसरत असते. वैमानिक ते वर उचलायला दांडी ओढतो, पण कल न काढता ओढल्यामुळे गिरकी आणखी आवळते. शेवटी ते विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते. तिथे तुम्ही असता किंवा मी असतो, तरी कान हेच सांगणार.

एक शेतकरी महिला (देवळी, जि. वर्धा)

गुरुजींचे म्हणणे मला अनुभवाने पटते. गेल्या पौषात तुरीवर धुवारी उतरली होती आणि मी ओलिताचे पाणी वळवायला पहाटे चारला गेले. बॅटरीचा उजेड हातभर अंतरावर पांढरा होऊन थांबत होता. आमचाच धुरा, सतरा वर्षे पायाखालचा. तरी मी मोटारीच्या खोलीकडे चालले आहे असे समजून नाल्याच्या काठाशी पोहोचले. मला शेवटपर्यंत खात्री होती, हे विशेष. पण गुरुजी, मला निदान थांबता येत होते.

धागाकर्ता

ताईंनी नेमके बोट ठेवले. थांबता येत नाही तिथे निघण्यापूर्वीच विचार करावा लागतो. कायद्याची मुभा होती म्हणून निघालेच पाहिजे, असे थोडेच आहे? आणि गुरुजी, त्या विमानात स्वयंचलित नियंत्रणाची सोय होती, ती विसरू नका.

निवृत्त विज्ञान शिक्षक

विसरलो नाही. पण ती वापरण्याची गरज वाटायला आपण कलंडलो आहोत हे आधी कळावे लागते आणि सगळी फसगत तर तिथेच आहे. प्रशिक्षकाला नकार देणे चूक होते, एवढे मी मान्य करतो. मात्र तो नकार देण्याची मोकळीक ठेवणाऱ्या नियमाला तुम्ही अजून एका शब्दानेही बोललेला नाहीत.