मदत हवी आहे: युटातल्या मॉर्मन समाजाचे उपवास आणि मधुमेह

नमस्कार मंडळी,

मी फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम. फार्म. करते आहे. प्रबंधाचा विषय धार्मिक उपवास आणि मधुमेहाची औषधं. रमजानवर भरपूर अभ्यास आहेत; २००१ साली १३ देशांत झालेला 'एपिडायर' तर सगळेच उद्धृत करतात. अडलंय ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या समाजापाशी.

हे लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी लागोपाठ दोन जेवणं सोडतात. साधारण २४ तास, आणि रीतीप्रमाणे पाणीसुद्धा नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी चर्चकडे देतात. शिवाय १८३३च्या 'वर्ड ऑफ विज्डम' या त्यांच्या धार्मिक आहारनियमांमुळे दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. त्यांना हृदयविकार कमी होतो तो नुसता तंबाखू नसल्यामुळे की आणखी कशामुळे, हे सॉल्ट लेक सिटीतल्या बेंजामिन हॉर्न यांच्या गटाने तपासलं. २००८च्या निबंधात उपवास करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कमी आढळला, २०१२च्या निबंधात मधुमेहही कमी.

माझी शंका इथेच आहे. आजाऱ्याला उपवासाची सक्ती चर्चच करत नाही. म्हणजे मधुमेह झाला की माणूस उपवास करणंच सोडून देणार, आणि मग 'उपवास करणारे' या गटात मधुमेही कमीच उरणार! उपवासामुळे मधुमेह टळला की मधुमेहामुळे उपवास सुटला, हे कसं ओळखायचं? आमचे सर म्हणतात, मर्यादांमध्ये एक ओळ लिही आणि पुढे जा. मला ते पटत नाही. असे निष्कर्ष अर्धवट कापून पेशंटपर्यंत पोचतात. रक्तातली साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर उपाशी राहिलेले, शुगर पार खाली गेलेले पेशंट मी वॉर्डात पाहिलेत.

युटातल्या काही मधुमेही सदस्यांच्या ऑनलाइन मुलाखती घ्यायचा विचार आहे. प्रश्न कसे विचारावेत? आणि तिकडे राहणारं कुणी इथे आहे का?

प्रतिसाद १

शंका रास्त आहे, आणि एका वेळच्या पाहणीतून ती सुटत नाही. 'उपवास करता का' एवढंच विचारू नका. कधीपासून करता, करणं कधी सोडलं, का सोडलं, निदान कोणत्या वर्षी झालं, हे सगळं सुटं सुटं विचारा आणि निदानाआधीच्या सवयीवरून गट पाडा. दुसरं म्हणजे त्या निबंधांतले सगळे अँजिओग्राफीला आलेले पेशंट होते, सरसकट समाज नव्हे. हे ठळक लिहा.

त्याच गटाची २०२१ची चाचणी पाहिलीत का? तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते, त्यामुळे तुमची अडचण तिथे येत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल उतरलं नाही, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) मात्र कमी झाला. पण तो उपवास पाणी पिऊन होता. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. महिन्यातून एकदाच्या निर्जळी उपवासाला तो निष्कर्ष चिकटवू नका.
– एक फिजिशियन

प्रतिसाद २

मी युटातच लीहाय गावात राहते, आजूबाजूची बरीच घरं चर्चची. शेजारचे काका इन्सुलिनवर आहेत. पहिल्या रविवारी ते वेळेवर जेवतात, पण दोन जेवणांचे पैसे नेमाने देतात आणि प्रार्थनेतही तेवढाच वेळ घालवतात. त्यांच्या लेखी तो उपवासच. तुमच्या प्रश्नाला ते 'हो' म्हणतील बघ.

धागाकर्ती

ताई, फार मोलाचं सांगितलंत. म्हणजे त्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं हेही विचारायलाच हवं. नीतिसमितीची परवानगी आली की काकांना माझ्यासाठी विचाराल का? नाव कुठेही येणार नाही.

डॉक्टर, चाचणी आजच वाचते. एक राहिलं: डॅपाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांचा वेगळा गट करू का? निर्जळी उपवासात त्यांना शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका आहेच, शिवाय साखर फार न वाढताही रक्तात आम्लं साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. आणि २००८, २०१२चे निबंध आले तेव्हा अमेरिकेत हे औषध बाजारातच नव्हतं.