वसईचे संत गोन्सालो गार्सिया: रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) की दोन साम्राज्यांच्या राजकारणाचा बळी?

खाडीकाठ
५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यातले एक आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संतपद दिलं.

प्रवचनांत आपण त्यांचं मरणच ऐकतो. मला त्यांचं जगणं मोठं वाटतं. कोवळ्या वयात ते जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, कित्येक वर्षं लोकांना धर्मशिक्षण दिलं. जेझुइट संघात प्रवेश मागितला, मिळाला नाही. मग चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये व्यापार केला आणि त्यात जमही बसवला. तो चालता धंदा सोडून फिलिपिन्समधल्या मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात गेले, तेही धर्मगुरू नव्हे, साधे ब्रदर. १५९३ मध्ये याच संघाचे फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी (ज्याच्या हुकुमाने पुढे हे २६ जण मारले गेले) याच्या भेटीला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून हेच उपयोगी पडले. ज्याला दारातून परत पाठवलं, तो त्याच देशात पुन्हा सेवेला गेला. माझ्या लेखी संतपण इथे आहे.

जुना दस्त
माणूस मोठा होता, वाद नाही. पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत: ती भेट मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरची वकिलात होती. फिलिपिन्स स्पेनने नुकतंच गिळलं होतं. जपानमध्ये १५८७ पासून मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम होता. खुद्द पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचं काम फक्त जेझुइटांकडे सोपवलं होतं. जेझुइट गुपचूप राहून तग धरून होते. फ्रान्सिस्कन मात्र राजदूत म्हणून आले आणि क्योटोत उघड उपदेश करू लागले. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं आणि पाद्र्यांच्या मागून स्पेनची फौज येईल या संशयाचा भडका उडाला. कुठल्या राज्यकर्त्याने हे सोसलं असतं? पोर्तुगिजांची वसई माहीत असलेल्या माणसाला तरी हिदेयोशीची भीती समजायला हवी.

खाडीकाठ
भीती समजते, शिक्षा समजत नाही. त्या २६ जणांतला लुदोविको इबाराकी १२ वर्षांचा होता! त्याच्यापासून जपानला कसला धोका? आणि हिदेयोशीला परचक्राने गांजलेला राजा ठरवू नका. १५९२ मध्ये त्याने स्वतःच कोरियावर दीड लाखाहून जास्त फौज घातली होती. क्योटोतल्या त्या फ्रान्सिस्कनांनी काय उभारलं होतं? कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय. चढाई करायला आलेली माणसं कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत बसत नाहीत.

जुना दस्त
जखमा धुणारे प्रामाणिक होते, हे मी आधीच मान्य केलंय. पण त्यांना पाठवणाऱ्यांचे हिशेब वेगळे होते, आणि दुभाष्याला ते दोन्ही बाजूंनी ऐकू येत होते. एवढा हुशार माणूस अंधारात होता असं मी मानणार नाही.

मीनाक्षी_प
तुम्ही दोघं स्पेन आणि वसई यांतच अडकलात. २६ पैकी २० जपानी होते! क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं. त्यांना ना स्पेनचा राजा ठाऊक, ना मनिलाचा गव्हर्नर. सगळा प्रकार साम्राज्यांचा डाव म्हटला की या २० जणांची श्रद्धा कोणीतरी त्यांच्या हातात दिलेली ठरते. ते मला अपमानास्पद वाटतं. आणि "पहिला भारतीय संत आमचा" म्हणून मिरवताना यांतलं एक तरी नाव आपण घेतो का? कॅथलिक चर्चच्या सर्वसाधारण पंचांगात ६ फेब्रुवारीचा सण पॉल मिकी (या २६ पैकी एक जपानी जेझुइट) आणि सोबत्यांचा आहे, त्यात गोन्सालो "सोबती" आहेत. वसईकरांना ते खुपतं. मला ते योग्य वाटतं.

खाडीकाठ
खुपतं, कारण त्यांची आठवण काढणारं दुसरं कोण आहे? पोर्तुगालला ते मिश्र रक्ताचे आणि स्पेनच्या संघात ते शेवटच्या पायरीचे. वसईने नाव लावून धरलं नसतं तर ते यादीत विरून गेले असते. बाकी २० जणांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. त्यांची नावं आपल्या चर्चमध्ये वाचली गेली पाहिजेत.

जुना दस्त
नावं वाचा, त्याबरोबर सान फेलिपेही सांगा. मुलांना फक्त दुष्ट राजा आणि पवित्र माणसं सांगितली, तर ती मोठी होऊन इतिहास वाचतील तेव्हा सगळंच खोटं समजतील.

मीनाक्षी_प
सांगाच. आणि पुढचंही सांगा. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तरी काही कुटुंबांनी अडीचशे वर्षं पाद्र्यांशिवाय धर्म जपला. १८६५ मध्ये ती माणसं नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन उभी राहिली. ते चर्च याच २६ जणांच्या नावे बांधलेलं आहे. तोवर जपानमधलं पोर्तुगालचं आणि स्पेनचं वजन केव्हाच संपलं होतं.

जुना दस्त
त्या अडीचशे वर्षांत किती घरांनी त्याची किंमत मोजली, हेही त्याच वाक्यात यायला हवं. ती मोजणाऱ्यांत मनिलाचा एकही गव्हर्नर नव्हता.