मदत हवी आहे: फरशीवरचे पांढरट डाग जात नाहीयेत, केमिकल नको

शमी_ठाणे: नमस्कार, जरा लवकर उत्तर हवंय. मुलगी 8 महिन्यांची आहे, घरभर रांगते आणि हात सारखा तोंडात. म्हणून महिन्यापूर्वी फिनाइल बंद केलं आणि बादलीभर पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घालून पुसायला लागले. आता हॉलमध्ये पांढरट ठिपके आणि पट्टे दिसतायत. परवा व्हिनेगर वाढवलं, वर लिंबू घासलं, तर आणखीच पसरले. रविवारी पाहुणे येतायत. व्हिनेगरपेक्षा जोरदार पण नैसर्गिक असं काय वापरू?

घोडबंदरकर: पाणी कुठलं येतं? आमच्याकडे टँकर आणि बोअर, त्यामुळे नळ, शॉवर सगळ्यावर पांढरा थर बसतो. तो क्षार असतो. तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून फडकं भिजवायचं आणि अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. माझे नळ असेच लखलखीत झाले.

अनघा_नेरुळ: आमच्या नेरुळला मोरबे धरणाचं पाणी, नळावर काहीच धरत नाही. ठाण्याच्या पाण्याचाच दोष असणार. शमी, तू बायोएन्झाइम कर. 1 भाग गूळ, 3 भाग संत्रा-मोसंबीची सालं, 10 भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा. 3 महिन्यांनी गाळायचं. मी चार वर्षं दुसरं काही विकत आणलेलं नाही.

घोडबंदरकर: अनघाताई, तिला रविवार गाठायचाय, तीन महिने कुठून आणणार? आणि ठाणं सगळं एक नाही. घोडबंदरला टँकर लागतात म्हणून नौपाड्यातही लागतात असं नाही.

रिठा_शिकेकाई: एवढ्या उपद्व्यापांची गरज काय? दहाबारा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळा. माझी आजी याच पाण्यात रेशमी साड्या आणि सोनं धुवायची. बायोएन्झाइमचा वास मला तरी सहन होत नाही.

अनघा_नेरुळ: नीट आंबवलं तर वास येत नाही, आंबटगोड दरवळतो. बुरशी काळी आली तरच बिघडलं समजायचं.

सुनीता_कळवा: व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घाल. फेस येतो ना, तो डाग उचलतो.

लादीवाले_काका: सुनीताताई, फेस म्हणजे दोघं एकमेकांना मारतायत. मागे उरतं ते बहुतेक खारट पाणी. तुंबलेल्या जाळीत फेस थोडा कामाचा, फरशीवर नाही. शमीताई, मी तीस वर्षं घिसाई-पॉलिशचं काम केलंय. फरशी कसली आहे?

शमी_ठाणे: नेहमीची पांढरी आहे, टाइल्स असतील. फरशी कसली याचा काय संबंध? मला डाग काढायचेत.

लादीवाले_काका: सगळा संबंध तिथंच आहे, बाळा. दोन लाद्यांवरची नक्षी तंतोतंत सारखी आहे का? कपाटामागे, जिथे दिसणार नाही, तिथे लिंबाचा एक थेंब टाक आणि वाकून बघ. बारीक बुडबुडे येतात का ते सांग. थेंब लगेच ओल्या फडक्याने पुस.

विनय_ऐरोली: झुरळांना बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या करा. ओट्याखाली ठेवल्या की महिनाभर निश्चिंती.

सुनीता_कळवा: विनय, झुरळांचं कोणी विचारलेलं नाही. आणि तिच्या घरी रांगतं बाळ आहे! बोरिक पावडर पोटात गेली तर विषबाधा होते. बाळाच्या घरात जमिनीवर त्या गोळ्या चुकूनही नकोत.

शमी_ठाणे: काका, बुडबुडे आले. नक्षीही प्रत्येक लादीवर वेगळी आहे, करड्या रेघा आहेत. आता काय लावू?

लादीवाले_काका: काही लावू नकोस. हा मार्बल आहे आणि हा डागच नाही. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कुठलंही आम्ल ते विरघळवतं, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो की लिंबूसत्व. वरचं पॉलिश खाल्लं गेलंय आणि आतला दगड निस्तेज दिसतोय. जितकं पुसशील तितकं वाढेल. कोटा, शहाबादी, कडप्पा हेही चुनखडीचेच दगड, त्यांनाही तेच. अनघाताईंचं बायोएन्झाइम आंबट असतं आणि रिठ्याचं पाणीसुद्धा किंचित आम्लधर्मी, म्हणून दोन्ही नकोत.

रिठा_शिकेकाई: रिठ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत.

शमी_ठाणे: काका, घर भाड्याचं आहे. डिपॉझिट अडकलंय. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मला वाटलं सालींचा, फळांचा रस म्हणजे निर्धोक. पॉलिश करून घेतलं तर रविवारपर्यंत होईल का?

लादीवाले_काका: मशीनची घिसाई ओली असते, घरभर रेंदा होतो. बाळ घरात असताना नको. आधी घरमालकांना खरं सांग. हलक्या ठिपक्यांना मार्बलची पॉलिश पावडर ओल्या नमद्याने (दाबलेल्या लोकरीच्या जाड तुकड्याने) हाताने घासली तर बरीच चमक परत येते, पण तीही त्यांच्या परवानगीने आणि बाळ दुसरीकडे असताना. घासल्यावर दोनदा स्वच्छ पुसून घे. रोजचं पुसणं कोमट पाण्याने. चिकट झालं तर बादलीत एक चमचा खाण्याचा सोडा आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात. बाळासाठी एवढं पुरतं.

अनघा_नेरुळ: शमी, मी न विचारता सांगून मोकळी झाले. रविवारी हॉलमध्ये सतरंजी घाल.

शमी_ठाणे: मालकांशी बोलले. रागावले नाहीत, त्यांचाच माणूस पुढच्या आठवड्यात बघायला येतोय. बाथरूमच्या टाइल्सना तरी व्हिनेगर चालेल ना?

लादीवाले_काका: चिनीमातीच्या टाइल्सना चालेल, फक्त सांध्यांतल्या सिमेंटवर साचू देऊ नकोस. आणि ज्या दिवशी ब्लीच वापरशील त्या दिवशी व्हिनेगरला हात लावू नकोस. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो घातक आहे.

घोडबंदरकर: काका, माझा ओटा कडप्प्याचा आहे. रोज भांडी झाली की लिंबाची फोड फिरवतो. सिंकजवळ राखाडी पडलाय, मी टँकरच्या पाण्याला दोष देत होतो.

लादीवाले_काका: सिंकपासून लांब, गॅसमागे थेंब टाकून बघ आणि फोटो टाक.