मदत हवी आहे: कळलावी कुंडीत लावू की नको?

रत्नागिरीहून येताना आईने कळलावीचे दोन कंद दिलेत. आमच्याकडे हिला गौरीचे हात म्हणतात, सणाला ही फुलं हवीतच! पण अख्खी वेल विषारी, त्यात कंद सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं, रताळं समजून खाल्ला तर जिवावर बेततं. घरात दीड वर्षाची लेक, दिसेल ते तोंडात. कण्हेर याच पायी काढली (सासूबाई अजून रुसल्यात).

कुंडी उंचावर टांगली, तरी गळलेली पानं-फुलं खाली पडणारच ना? पावसाळ्यानंतर वेल वाळली की कंद कुंडीतच ठेवता की काढून? काढलेत तर ठेवता कुठे? कांद्या-बटाट्यांजवळ तर नक्कीच नको. लहान मूल असून कोणी लावली असेल तर प्लीज सांगा. नाहीतर कंद आईकडेच परत पाठवते.